पोलादावरचा कापूस

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच काम मनासारखं पुरं केलं. एका शेठच्या रिव्हॉल्व्हरवर त्यांनी नक्षी कोरली. बाकी सगळं अर्धवट राहिलं. सुरतच्या डिंडोली भागातल्या आमच्या घराचा वरचा मजला अर्धवट, माझ्या भावाचं शिक्षण अर्धवट, आणि आईशी दोन शब्द धड बोलणं तर त्यांनी कधी सुरूच केलं नाही. पण त्या रिव्हॉल्व्हरचा विषय निघाला, की आबा सुटलेच. घरी पाहुणा आला, की चहाला उकळी फुटायच्या आत गाडी तिथे जाऊन पोचायची. कोणी चुकून ‘पिस्तूल’ म्हणालं तर त्याची धडगत नसे. पिस्तूल वेगळं, रिव्हॉल्व्हर वेगळं, रिव्हॉल्व्हरला गोळ्या भरायचं गोल चक्र असतं आणि ते फिरतं, असं सांगत ते अंगठ्याने हवेतच चक्र फिरवून दाखवत. पाहुणा माना डोलवायचा. आई आत भांडी जरा जास्तच जोरात ठेवायची.

आम्ही ते रिव्हॉल्व्हर कधी पाहिलं नव्हतं. मी नाही, भावाने नाही, आईनेही नाही. त्याचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. आणि मला ते बघायचं होतं, कळायला लागल्यापासून बघायचं होतं. त्यात कुतूहल किती आणि राग किती, हे मला आजही सांगता येणार नाही. रागच जास्त असावा. ज्या वस्तूपायी आमचा बाप कधी आमच्या वाट्याला आला नाही, ती वस्तू निदान त्या लायकीची तरी होती का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

आबा अमळनेरकडच्या एका खेड्यातून उधन्याला आले ते एका छपाईच्या मिलमध्ये. तेव्हा तिथे साडीवरची वेल छापायची तर ती आधी तांब्याच्या रोलरवर कोरलेली असावी लागे. रोलर चालून चालून झिजत, मग त्यांच्या रेघा हाताने पुन्हा खोल कराव्या लागत. ते आबांचं काम. डोळ्याला भिंग, हातात बारीक टोकाची कोरणी आणि समोर उलटी वेल. हात चांगला होता. ते स्वतःच तसं सांगत, पण मिलमधले त्यांचे जुने सोबतीही सांगत, म्हणून मी ते खरं धरते.

मिलच्या शेठना जुन्या, देखण्या वस्तूंचा शौक. त्यांच्याकडे वडिलांपासून चालत आलेलं एक परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं, साधं, नक्षीचा एक ठिपका नसलेलं. परदेशात लोक नक्षीदार रिव्हॉल्व्हरं जमवतात, गोळी झाडायला नाही तर नुसती बघायला, हे त्यांनी कुठल्याशा पुस्तकात पाहिलं आणि आपल्याकडेही तसं एक असावं असं त्यांच्या मनात आलं. बाहेरून कारागीर आणण्याऐवजी त्यांनी आबांना बोलावलं. हत्यार बंगल्याबाहेर न्यायचं नव्हतं, म्हणून आबा पाळी संपली की आणि रविवारी सबंध दिवस शेठच्या मागच्या ओसरीत बसत. जवळजवळ वर्षभर. त्या वर्षात मी चालायला लागले, असं आई म्हणायची. आबांना ते आठवत नाही.

शेठना सिंह हवा होता, गेला बाजार मोर तरी. आबांनी कापूस काढला. नळीवर आणि बाजूच्या पट्टीवर पऱ्हाटीची पानं, आणि चक्राच्या सहा बाजूंवर कापसाच्या झाडाचं सबंध वर्ष. पहिल्या बाजूवर पातं, म्हणजे कळी. मग उमललेलं फूल. मग मिटून कोमेजलेलं फूल. मग कैरी, म्हणजे हिरवं बोंड. मग फुटलेलं, कापूस बाहेर आलेलं बोंड. आणि सहाव्या बाजूवर वेचून रिकामी झालेली नुसती टरफलं. चक्र फिरवलं, की अंगठ्याखालून पेरणीनंतरचे सगळे महिने निघून जात आणि पुन्हा कळी येई. कापडाच्या धंद्यातल्या माणसाच्या हत्यारावर दुसरं काय शोभणार होतं! हे सगळं मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की शाळेतल्या कवितेसारखं मला पाठ होतं. आणि खरं सांगायचं तर, ज्या माणसाला घरात मीठ कुठे असतं हे माहीत नव्हतं, त्याला हे सुचलं कसं, याचं मला नवल वाटायचं.

पुढे छपाईला जाळीची स्क्रीन आली. रोलर भंगारात गेले आणि आबा घरी बसले. त्यांना दुसरं काम मिळण्यासारखं होतं. बाजारात स्टीलच्या भांड्यांच्या दुकानाबाहेर टेबल टाकून भांड्यांवर नावं कोरणारे हवेच असतात. लग्नाच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव नसेल तर आपल्याकडे ते दिल्यासारखं वाटत नाही. पण आबांनी नाही म्हणजे नाही म्हटलं. "मी पोलादावर कापूस पिकाडेल शे, पातेल्यावर कोनाच्या मामाचं नाव घालू काय?" असं म्हणून ते खाटेवर आडवे झाले ते कित्येक महिने उठले नाहीत. तेवढे दिवस आम्हाला आईने जेवू घातलं. साड्यांचे गठ्ठे घरी यायचे, त्यांवर ती चिमट्याने खडे चिकटवायची. गोंदाच्या वासाने घर भरून जायचं. तिची बोटं कायम कोरड्या गोंदाने पांढरी असायची आणि जेवताना ती आधी ती खरवडायची.

शेवटी आबांनी टेबल टाकलंच. पण उपकार केल्यासारखं. गिऱ्हाईकाने नाव जरा मोठं घाला म्हटलं, की त्यांना राग यायचा. अक्षरं मात्र देखणी काढत, ‘सप्रेम भेट’ मधल्या भ ची गाठ बघत राहावी अशी. शेकडो घरांतल्या डब्यांवर, ताटांवर त्यांचा हात असेल. आमच्या घरातल्या एकाही भांड्यावर आईचं नाव नव्हतं. तिने एकदा म्हणून पाहिलं होतं. "हातची वस्तू, जातीये कुठे?" असं उत्तर मिळालं. गल्लीतल्या लग्नात सगळ्यांची भांडी एकत्र होत, तेव्हा आई आपल्या ताटांच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावायची आणि तो बघून ओळखून परत आणायची. नक्षीकाराची बायको! मला त्या ठिपक्यांची आजही चीड येते.

नशीब असं, की त्यांचा हात उतरला तो माझ्यात. मी कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं करते. वेल कुठे वळवायची, पानाने पानाला कुठे झाकायचं, बुट्टा पुन्हा आला तरी डोळ्याला तो जोड कळू कसा द्यायचा नाही, हे मला कोणी शिकवलं नाही. आई गेल्यानंतर घरात आम्ही दोघंच उरलो, कारण भावाने पुण्याला बिऱ्हाड केलं. संध्याकाळी काय बोलायचं हा प्रश्न. मग एकदा मी मोबाइलवर परदेशातल्या लिलावाचा एक व्हिडिओ लावला. हातमोजे घातलेली दोन बोटं एक नक्षीदार रिव्हॉल्व्हर दिव्याखाली हळूहळू फिरवत होती. आबा उठून बसले.

तेव्हापासून आमचा तोच परिपाठ झाला. आयुष्यात पहिल्यांदा माझे वडील माझ्याशी काही बोलत होते, आणि बोलत होते आईच्या त्या सवतीबद्दलच! पण ते मी ऐकत गेले, आणि मला ते आवडतही गेलं, याचाही मला रागच येतो. त्यांनी मला बघायला शिकवलं. कोणाची पानं मोठी, सैल, मोकळी. कोणाची वेल इतकी बारीक आणि घट्ट वळलेली, की पोलाद दिसूच नये. कापलेली रेघ आतून चकाकते का मंद पडते, यावरून कोरणीला धार होती की नाही ते कळतं. रेघ एका दमात सुरू होऊन खोल गेली आणि टोकाला केसासारखी विरली, तर हात पक्का. मध्ये थबकली, तर माणूस भ्यालाय. तांबं चुकलं तर दाबून, घासून सावरता येतं. पोलाद एकदा कापलं की कापलं. नक्षीमागची मोकळी जागा बारीक टिंबांनी भरून काळी करतात, म्हणजे पान उठून दिसतं. ती टिंबं कोणी आळसाने टाकली आणि कोणी जीव लावून, हे आबा लांबून सांगत. काहींवर सोन्याची तार बसवलेली असायची. खाच आत रुंद आणि तोंडाशी अरुंद कापायची, मग तार ठोकून आत बसवायची, की ती जन्मात निघत नाही. "आपल्या जरीपेक्षा इमानदार," असं ते म्हणायचे. माणूस मारायच्या वस्तूवर लोक इतकी नाजूक पानं का काढत असतील, असं मी एकदा विचारलं. वस्तू कशासाठी आहे ते वापरणाऱ्याने बघावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. आम्हालाही त्यांनी याच हिशेबाने वागवलं.

हळूहळू ते पडदा डोळ्यांजवळ आणू लागले. मग मला विचारू लागले, आता काय दिसतंय, टोक कसं सुटलंय. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही आणि आहे तीही फार टिकायची नाही. दवाखान्यातून घरी येताना आबा म्हणाले, सगळं जायच्या आत ते रिव्हॉल्व्हर एकदा हातात घ्यायचंय. दुसरं काही मागितलं नाही. आईच्या फोटोसमोर मात्र ते कधी थांबत नसत.

शेठ कधीच वारले होते. त्यांच्या मुलाचं कडोदऱ्याला छपाईचं युनिट होतं आणि माझ्या ऑफिसातली डिझाइनं तिकडे जात. तो कोण आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण मी तोंडातून शब्द काढला नव्हता. आपल्या बापाचं काम बघायला दुसऱ्याच्या दारात परवानगी मागायची, हे मला रुचत नव्हतं. शिवाय मनात ठरवून टाकलं होतं, की त्या लोकांनी ते कुठेतरी कपाटात फेकलं असेल, किंवा पाहुण्यांना परदेशी काम म्हणून दाखवत असतील. आता इलाज नव्हता. मी विचारलं. तो माणूस खुर्चीतून उठलाच; आबांना तो लहानपणापासून काका म्हणायचा. "एटले तमे काकानी दीकरी? बेन, आटलां वर्ष बोल्या केम नहीं? लावो काकाने, रविवारे ज लावो!" माझी रागवायची सगळी तयारी होती आणि हा, इतकी वर्षं बोलला का नाहीत म्हणून मलाच रागवत, रविवारचं आदराचं आमंत्रण देत होता. मी जरा गोंधळलेच.

रविवारी दुपारी आबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, टोपी घातली आणि भिंग खिशात टाकलं. आता भिंगाने काही दिसत नव्हतं तरी टाकलं. अठवा लाइन्सच्या बाजूचा तो बंगला. मागच्या ओसरीच्या जागी आता गाड्यांसाठी छप्पर होतं. आबांना ते दिसलं नाही आणि मी सांगितलं नाही. शेठच्या पत्नी, त्यांना सगळे बा म्हणत, काठी टेकत दारापर्यंत आल्या. नानखटाई आली, चहा आला. मुलगा उत्साहाने सांगत होता. शेठ गेल्यावर घरातले सगळे म्हणाले, ही कटकट पोलिसात जमा करून टाका. त्याने ऐकलं नाही. खेटे घालून परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला, फक्त या एका वस्तूसाठी. नेम धरता येत नाही, आवाजाची भीती वाटते, पण पप्पांची आणि काकांची आठवण हातची जाऊ द्यायची नाही म्हणून. हे ऐकताना आबांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी आमच्यापैकी कोणासाठी कधी पाहिलं नव्हतं.

मग बांनी देवघराशेजारचं कपाट उघडायला सांगितलं. लाकडी पेटी आली. त्यात लाल कापडात ते गुंडाळलेलं होतं. त्यांची सून कापड उलगडायला लागली तर ते सुटेना, आतल्या वस्तूला चिकटलं होतं. तिने हळूच ओढून सोडवलं. मला वाटलं, आत आणखी एक लाल मखमल आहे. ती मखमल नव्हती. कुंकू होतं. वर्षानुवर्षांचं, ओलं करून लावलेलं, थरावर थर चढून काळपट झालेलं कुंकू. त्यात हळद, त्यात रुतून बसलेले तांदळाचे दाणे, कुठे फुलाच्या पाकळीचा वाळलेला तुकडा. आणि त्या पापुद्र्याच्या कडेने जिथे पोलाद उघडं होतं तिथे गंज. नळीवरची पानं मला शोधूनही सापडेनात. जिथे पान असायला हवं तिथे देवीच्या वणांसारखे खड्डे होते.

बा अभिमानाने सांगत होत्या. "काकाए ज कह्युं हतुं ने! माताजीनुं कंकु लूछवुं नहीं, एनी मेळे खरे त्यारे खरे. अमे एक पण नोम चूक्यां नथी."

कुंकू आपणहून गळेल तेव्हा गळेल, हे आबांनीच सांगितलेलं, ते खरं होतं. आबांनी काम संपवून रिव्हॉल्व्हर शेठच्या हाती दिलं ते खंडेनवमीला. आमच्या लोकांत त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा होते. शेठच्या घरी तशी रीत नव्हती. आबांनी स्वतः पाट मांडून, ओलं कुंकू लावून, अक्षता वाहून ते पुजलं आणि सांगितलं, की हे हत्यार आहे, दर नवमीला पूजा चुकवू नका आणि देवीचं कुंकू पुसू नका. आमच्या घरी कोरण्या पुजल्या जात तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी आबा त्या तेलाच्या फडक्याने लखलखीत करून कामाला घेत. रोजच्या वापरात ते आपसूक होतं, सांगावं लागत नाही. इथे वापर नव्हता. इथे फक्त श्रद्धा होती, आणि सुरतची दमट हवा. या भल्या माणसांनी कारागिराचा शब्द देवाच्या शब्दासारखा पाळला. शेठ गेल्याच्या वर्षी सुतकातसुद्धा त्यांनी शेजाऱ्याकडून पूजा करवून घेतली होती.

"आणा," आबा म्हणाले आणि दोन्ही तळवे पुढे केले. मुलाने ते त्यांच्या हातांवर ठेवलं. त्यांचा अंगठा सरळ चक्रावर गेला आणि त्याने ते फिरवून पाहिलं. चक्र हललं नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. मग अंगठ्याच्या नखाने ते एकेक जागा चाचपत गेले, एखादा माणूस अंधारात आपल्याच घराची कडी शोधतो तसे. त्यांना कळलं होतं. मी त्यांचा चेहरा बघत होते.

त्यांनी ते उलटं केलं. पेटीत जी बाजू कायम खाली असायची तिथे कुंकू कमी पोचलं होतं. मी त्यांच्या खिशातून भिंग काढलं आणि वाकले. चक्राची एक बाजू वाचली होती. त्यावर एक फूल होतं, पूर्ण उमललेलं. पाच पाकळ्या, एकीची कड दुसरीवर चढलेली, आणि प्रत्येक पाकळीत देठाकडून निघालेल्या इतक्या बारीक रेघा, की त्या मोजायला गेलं तर डोळ्यात पाणी यावं. एकही थबकलेली नव्हती. मागची टिंबं सगळी सारखी, कडेला येताना विरळ होत गेलेली, त्यामुळे फूल पोलादातून वर आल्यासारखं दिसत होतं. मी दिवसभर फुलंच काढते. असं फूल मी काढलेलं नाही, आणि त्या सगळ्या व्हिडिओंमध्येही थोडीच पाहिली असतील.

म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. इतकी वर्षं मनातल्या मनात मी त्यांना फुशारक्या मारणारा म्हातारा म्हणत होते, आणि काम खरंच तसं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं. कोणावर रागवायचं तेच कळत नव्हतं. इथे कोणी काही फेकलं नव्हतं, विकलं नव्हतं. मी बांना विचारलं, यावर काय कोरलंय ते माहीत आहे का? त्या हसून म्हणाल्या, "वेल छे ने. फूल-वेल. बहु सरस छे." दर नवमीला त्या घरात ते बाहेर निघालं, मांडलं गेलं, पुजलं गेलं, आणि कापूस कोणालाही दिसला नाही. कापडाच्या पेढीवाल्यांच्या घरात!

मी बोलायला तोंड उघडलं. त्याआधी आबा म्हणाले, "बहु सरस राख्युं छे, बा. बहु सरस." उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला बरं वाटावं म्हणून एक शब्द उच्चारला नव्हता. आईच्या स्वयंपाकाला नाही, माझ्या पहिल्या नोकरीला नाही. तो साठवलेला गोडवा त्यांनी इथे खर्च केला. बांनी डोळे पुसले. सुनेने ते पुन्हा लाल कापडात गुंडाळलं.

आम्ही रिक्षात बसलो. मग आबा म्हणाले, "मीच सांगेल व्हतं."

"माहीत आहे," मी म्हणाले. "पण कुंकू पुसू नका असं कशाला सांगायचं? एवढे देवभक्त तुम्ही कधी होतात?"

"नही तं कपाटमा पडी ऱ्हातं. वरीसमा एकदाव तरी कोनी हातमा लेवाले पाहिजे म्हनीसन मी देवीनं नाव लिधं."

म्हणजे ती भक्तीही नव्हती. आपलं काम कपाटात विसरलं जाऊ नये, वर्षातून एकदा तरी कोणीतरी ते हातात घ्यावं, निरखावं, म्हणून त्यांनी देवीला मध्ये घातलं होतं. मला त्यांची कीव आली आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

"काय दिसनं तुले?" त्यांनी विचारलं.

"एक फूल उरलंय. बाकी सगळं गेलं."

"कोनतं फूल?"

"उमललेलं."

ते हसले. चांगलं हसले नाहीत. "तेच उरनं? तेच चुकेल व्हतं."

मग त्यांनी सांगितलं. कापसाचं फूल असं सताड उघडत नाही, पेल्यासारखं अर्धंच उमलतं. मिलमध्ये वर्षानुवर्षं साडीचे बुट्टे कोरलेला हात, फूल म्हटलं की पाचही पाकळ्या पसरूनच मोकळा झाला. कापून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि पोलादात काही परत भरता येत नाही. त्यांना फुलाचं हे माहीत कसं होतं? आईकडून. आई कापसाच्या गावची, लग्नाआधी रोजाने वेचणीला जायची. कैरीला कप्पे किती, टरफलाचं टोक कुठे वळतं, कोमेजलेलं फूल कसं पिळवटतं, हे सगळं आबांनी त्या वर्षी जेवताना तिला विचारून घेतलं होतं. कशासाठी, ते नीट सांगितलं नव्हतं. ज्या कल्पनेचं मला जन्मभर नवल वाटत आलं, तिच्यातला कापूस सगळा आईचा होता.

"मग तिला एकदा दाखवलं का नाही?"

आबांनी तोंड बाहेर वळवलं. पूजेच्या दिवशी शेठ म्हणाले होते, घरच्यांनाही जेवायला घेऊन या. "मी नही लई गऊ," ते म्हणाले. "ती चूक काढती."

माझा आवाज चढला. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं, पाहू दे. "चूक तर तिने काढलीच असती," मी म्हणाले. "तिथेच, शेठच्या समोर काढली असती. आणि मग मरेपर्यंत सगळ्या डिंडोलीत सांगत फिरली असती, की माझ्या नवऱ्याने बंदुकीवर कापूस पिकवलाय. तिला दुसऱ्या कशाचीच गरज लागली नसती. एवढंसुद्धा तुम्हाला आपल्या बायकोबद्दल माहीत नव्हतं."

उधन्याच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. आबा मांडीवर हात ठेवून बसले होते, अंगठ्याला कुंकू लागलं होतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, ती खरंच तसं सांगत फिरली असती का.

नाही म्हटलं असतं तर त्यांना हायसं वाटलं असतं. मी हो म्हणाले.